रिकाम्या पत्त्यावरचा जन्म

दोन बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या दोन कडा एवढ्याच चित्रात किती सलग तुकडे आहेत, असे मी एकदा माझ्याच प्रोग्रॅमला विचारले आणि त्याने उत्तर दिले: शून्य. चित्र समोरच्या कागदावरच होते आणि त्यात एक तुकडा होता, हे शाळकरी मुलालाही दिसले असते. हजारो बिंदूंच्या विदेवर तोच प्रोग्रॅम इतकी नेटकी उत्तरे देत होता की त्यांच्यावर शंका घेण्याचे कारण नव्हते. चूक तिथे कधीच दिसली नसती. ती दिसली या चार वस्तूंच्या चित्रात. त्या शून्याचा माग काढता काढता मल्टिपॅरामीटर पर्सिस्टंट होमोलॉजी, म्हणजे विदेतले तुकडे आणि पोकळ्या एकाच वेळी अनेक दिशांनी मोजण्याचे गणित, मला खऱ्या अर्थाने उमगली, म्हणून ती वाट इथे सविस्तर लिहीत आहे.

मूळ कल्पना एका दिशेची आहे. विदा म्हणजे अवकाशात विखुरलेले बिंदू असे मानले, तर त्या बिंदूंना मिळून काही आकार आहे का, हा टोपॉलॉजिकल डेटा अ‍ॅनालिसिसचा पहिला प्रश्न. नुसत्या बिंदूंना आकार नसतो, म्हणून अंतराची एक मर्यादा ठरवायची आणि ती हळूहळू वाढवत न्यायची. दोन बिंदू त्या मर्यादेच्या आत आले की त्यांच्यामध्ये कडा टाकायची, तीन बिंदू परस्परांशी जोडले गेले की त्रिकोण भरायचा, आणि असेच पुढे. मर्यादा वाढते तसे सुटे तुकडे एकमेकांत मिसळतात, मध्ये पोकळ जागा सोडून वळसे तयार होतात आणि कालांतराने त्या पोकळ्या बुजून जातात. प्रत्येक पोकळीला जन्म असतो आणि मृत्यू असतो. या दोहोंमधले अंतर म्हणजे एक आडवी पट्टी, आणि अशा सगळ्या पट्ट्या मिळून होतो बारकोड. लांब पट्टी आकाराबद्दल काही सांगते, आखूड पट्टी बहुधा गोंगाट असते. ‘बहुधा’ हा शब्द मी मुद्दाम घातला आहे, कारण आखूड पट्ट्यांच्या गर्दीतही वक्रतेसारखी माहिती दडलेली असू शकते.

हा बारकोड काढण्याची रीत एडल्सब्रुनर, लेचर आणि झोमोरोडियन यांनी २००२ साली प्रसिद्ध केली. सगळे सिंप्लेक्स, म्हणजे बिंदू, कडा, त्रिकोण, आगमनाच्या क्रमाने रांगेत उभे करायचे, कोणाची सीमा कोणती हे एका मॅट्रिक्समध्ये मांडायचे आणि डावीकडचे स्तंभ उजवीकडच्या स्तंभांत मिळवत ते मॅट्रिक्स आटोपते घ्यायचे. ही बेरीज अशी की एकच नोंद दोनदा आली की ती नाहीशी होते. प्रत्येक स्तंभातली सर्वांत खालची शून्येतर नोंद म्हणजे त्याचा पिव्हट. दोन स्तंभांचा पिव्हट एकाच ओळीत आला, तर उजव्या स्तंभात डावा मिळवायचा. शेवटी प्रत्येक पिव्हटाला एकच धनी उरतो. रीत संपते तेव्हा प्रत्येक सिंप्लेक्सचा हिशेब लागलेला असतो: येताना त्याने एकतर काही जन्माला घातले किंवा काही संपवले. २००५ साली झोमोरोडियन आणि कार्लसन यांनी यामागचे बीजगणित उघड केले. ही सगळी हकीकत म्हणजे एका चलाच्या बहुपदींच्या वलयावरचे एक मॉड्यूल, म्हणजे जिच्यात बेरीज करता येते आणि जिला त्या बहुपदींनी गुणता येते अशी रचना आहे, आणि अशा मॉड्यूलांचे साध्या तुकड्यांत विभाजन होते हा जुना, पक्का सिद्धान्त आहे. बारकोड अस्तित्वात आहे तो या सिद्धान्ताच्या आधारावर.

पण एका दिशेचे हे गणित एका चुकार बिंदूपुढे हतबल होते. एकक त्रिज्येच्या वर्तुळावर दाटीवाटीने बिंदू घ्या. मधली पोकळी अंतर साधारण १.७३, म्हणजे तीनचे वर्गमूळ, होईपर्यंत टिकते. आता बरोबर केंद्रावर एक बिंदू टाका. अंतर १ झाले रे झाले की तो परिघावरच्या प्रत्येक बिंदूशी जोडला जातो आणि पोकळी तिथेच संपते. शेकडो बिंदूंनी मिळून दिलेली साक्ष एका बिंदूने जवळपास अर्ध्यावर आणली. असे दहा-वीस चुकार बिंदू आतल्या भागात विखुरले, तर ती लांब पट्टी गोंगाटात ओळखूही येत नाही. प्रत्यक्ष मोजमापांत असे बिंदू नसतात असे कधीच होत नाही.

उपाय सुचतो तो साधा आहे: अंतराबरोबर घनताही मोजायची. दाट वस्तीतले बिंदू आधी येऊ द्यायचे, एकाकी बिंदू नंतर. आता प्रत्येक सिंप्लेक्सला दोन आकड्यांचा पत्ता मिळतो, एक आकडा घनतेचा आणि एक अंतराचा. चुकार बिंदू एका दिशेने उशिरा येतात, त्यामुळे ते येण्यापूर्वीच्या पट्ट्यात वर्तुळाची पोकळी शाबूत दिसते. घनतेची एखादी सीमा ठरवून चुकार बिंदू आधीच काढून टाकावेत, असेही कोणी म्हणेल; परंतु ती सीमा कुठे आखायची हा निर्णय विदेने द्यायला हवा, आपण नव्हे, आणि दोन्ही दिशा एकत्र मोकळ्या ठेवण्याचा सगळा आग्रह त्यासाठीच आहे.

किंमत मात्र लगेच मोजावी लागते. (१, ०) आणि (०, १) या दोन पत्त्यांपैकी आधीचा कोणता, या प्रश्नाला उत्तर नाही. एका दिशेच्या रीतीचा सगळा डोलारा रांगेवर उभा होता, आणि आता रांगच मोडली. कार्लसन आणि झोमोरोडियन यांनी २००९ च्या निबंधात दाखवून दिले की दोन किंवा अधिक दिशांत बारकोडसारखी, म्हणजे मोजक्या सुट्या नोंदींत संपूर्ण माहिती सांगणारी, कोणतीही यादी असूच शकत नाही. मॉड्यूलांचे अविभाज्य तुकडे तिथेही असतात, पण त्या तुकड्यांच्या प्रकारांची वर्गवारी हाताबाहेर जाते. हे प्रथम वाचले तेव्हा मला विषय तिथेच संपला असे वाटले होते. तो तिथे संपत नाही, हे मला त्या शून्याने शिकवले.

आता तो कागद. बिंदू अ आणि बिंदू ब, दोघांचा पत्ता (०, ०). त्यांना जोडणारी पहिली कडा क, तिचा पत्ता (१, ०). दुसरी कडा ख, तिचा पत्ता (०, १). सुरुवातीला दोन तुकडे आहेत. उजवीकडे एक पाऊल टाकले की क येते आणि तुकडा एक होतो. त्याऐवजी वर एक पाऊल टाकले की ख येते आणि तेव्हाही तुकडा एकच होतो. ब या तुकड्याचा मृत्यू कुठे झाला? (१, ०) वर म्हणावे तर (०, १) वरही तो झालेला आहे. एका जन्माला दोन मृत्यू, आणि दोन्ही खरे. जन्म-मृत्यूची जोडी लावण्याची पद्धत इथे निरर्थक ठरते.

माझा प्रोग्रॅम (१, १) या पत्त्यावर उभा राहून हिशेब करत होता. दोन बिंदू आले, म्हणून दोन. क ने एक तुकडा कमी केला, ख ने एक तुकडा कमी केला. २ − १ − १ = ०. जनक मोजले, त्यांच्यातले संबंध वजा केले, उत्तर शून्य. चूक अशी की (१, १) वर पोहोचल्यावर क आणि ख एकच गोष्ट दोनदा सांगत आहेत. दोघींचे म्हणणे ‘अ आणि ब एक आहेत’ एवढेच. एकीचे म्हणणे दुसरीतून वजा केले की काहीच उरत नाही, आणि हे ‘काहीच उरत नाही’ म्हणजेच संबंधांमधला संबंध. बीजगणितात त्याला सिझिजी म्हणतात. तो मोजून परत मिळवायचा असतो: २ − २ + १ = १.

हाच संबंध चित्राच्या बाजूने पाहिला की तो एक वळसा आहे: अ वरून क ने ब कडे जायचे आणि ख ने परत यायचे. त्याचा जन्म (१, १) वर होतो. आता कागदाकडे पुन्हा पाहा. (१, १) या पत्त्यावर कोणीही नाही. ना बिंदू, ना कडा. एका दिशेच्या गणितात प्रत्येक वळशाचा जन्म कोणत्या ना कोणत्या सिंप्लेक्सच्या आगमनाशी बांधलेला असतो. इथे एक वळसा रिकाम्या पत्त्यावर जन्मतो, केवळ दोन स्वतंत्र वाटा तिथे प्रथमच एकत्र येतात म्हणून. मी त्या रात्री कितीतरी वेळ त्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघत बसलो होतो. कार्यक्षम अल्गोरिदमपुढचे सगळे आव्हान त्या कोपऱ्यात आहे: जिथे काहीच लिहिलेले नाही तिथे काय घडते हे, सगळी रिकामी घरे एकेक करून न चाळता, कसे ओळखायचे?

मायकेल लेस्निक आणि मॅथ्यू राइट यांनी २०१९ साली मांडलेली रीत मला या विषयातली सर्वांत देखणी रीत वाटते. स्तंभांची मांडणी ते उभ्या आकड्याच्या क्रमाने करतात, म्हणजे आपल्या चित्रात क डावीकडे आणि ख उजवीकडे. फिरणे मात्र आडव्या आकड्याच्या क्रमाने होते: आधी आडवा आकडा ० ठेवून खालून वर जायचे, मग १ ठेवून पुन्हा खालून वर. पहिल्या फेरीत फक्त ख भेटते. ब हा पिव्हट रिकामा आहे, ख तिथे बसते. दुसऱ्या फेरीत तळाशीच क भेटते. मांडणीत ती ख च्या डावीकडे आहे, त्यामुळे ब या जागेवर तिचा हक्क अगोदरचा. फेरी (१, १) वर पोहोचते तेव्हा ख ला उठावे लागते. तिच्यात क मिळवली जाते, स्तंभ शून्य होतो, आणि ‘क अधिक ख’ हा वळसा (१, १) या पत्त्यासह नोंदला जातो. रिकामे घर आपोआप सापडले.

या रीतीचे मर्म म्हणजे जुने काम वाया जात नाही. प्रत्येक पत्त्यावर मॅट्रिक्स नव्याने आटोपते घ्यायचे ठरवले, तर खर्च आवाक्याबाहेर जाईल. इथे मात्र एकदा बदललेला स्तंभ तसाच पुढच्या फेरीला मिळतो, आणि कोणत्याही स्तंभात काही मिळवले की त्याचा पिव्हट वरच्या ओळीत सरकतो, परत खाली कधीच येत नाही. म्हणून एका स्तंभावर होणाऱ्या बेरजा ओळींच्या संख्येपेक्षा जास्त असू शकत नाहीत, मग पत्ते कितीही असोत. संपूर्ण खर्च वाईटात वाईट परिस्थितीतही सिंप्लेक्सच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात राहतो, म्हणजे एका दिशेच्या मूळ रीतीइतकाच. रांग मोडल्याची शिक्षा एवढी सौम्य असेल, अशी मला मुळीच अपेक्षा नव्हती.

यामागे १८९० सालचे एक सत्य उभे आहे. डेव्हिड हिल्बर्ट यांच्या सिझिजी सिद्धान्तातून असे निघते की दोन चलांच्या बहुपदींवर दोन मुक्त मॉड्यूलांमधल्या चित्रणाचे कर्नेल, म्हणजे त्या चित्रणात शून्यावर जाणारा भाग, स्वतःही मुक्त असते. आपल्या भाषेत सांगायचे, तर सगळ्या वळशांचा असा एक आधार मिळतो ज्यात प्रत्येक आधारवळशाला स्वतःचा एक पत्ता असतो आणि त्यांच्यात आपसात कोणतेही लपलेले नाते नसते. मग त्रिकोणांच्या सीमा या आधारात लिहून काढल्या की होमोलॉजीचे संपूर्ण वर्णन, जनक आणि संबंध यांच्या एका मॅट्रिक्सच्या रूपात, हाती येते. त्यातली अनावश्यक पुनरुक्ती काढली की लघुतम वर्णन मिळते. बारकोड अशक्य आहे हे खरे, पण पूर्ण माहिती साठवणे अशक्य नाही. यादी मिळत नसली तरी मॅट्रिक्स मिळते, आणि ते संगणकाला पुरते.

तरीही घनाचे प्रमाण कागदावर सौम्य आणि प्रत्यक्षात जड असते. एक हजार बिंदूंच्या सगळ्या जोड्या ४,९९,५०० होतात आणि सगळे त्रिकोण १६ कोटी ६१ लाख ६७ हजार. अंतराचे जवळजवळ पाच लाख वेगळे आकडे आणि घनतेचे एक हजार, म्हणजे फिरण्याची जाळी सुमारे ५० कोटी घरांची. यांतल्या बहुतेक घरांत काहीच घडत नाही. मिखाएल केर्बर आणि अलेक्झांडर रोले यांनी २०२१ साली हीच बाब पकडली: प्रत्येक घराला भेट न देता, जिथे कोणाला उठावे लागणार आहे एवढीच घरे एका प्राधान्य-रांगेत ठेवायची आणि तेवढ्यांनाच भेटायचे. त्याच्याही आधी मॅट्रिक्स लहान करून घेता येते. एखाद्या सिंप्लेक्सचा पत्ता आणि त्याच्या सीमेतल्या पिव्हटाचा पत्ता तंतोतंत एकच असेल, तर ती जोडी आल्याबरोबर एकमेकांना संपवते. होमोलॉजीत तिचा मागमूस राहत नाही, म्हणून ती सुरुवातीलाच काढून टाकायची. घातांक बदलत नाही, वाईटात वाईट खर्च तोच राहतो, पण तासांची कामे मिनिटांत येतात. अशा सुधारणांना कोणी किरकोळ म्हटले की मला मनापासून वाईट वाटते. रिकाम्या घरात न शिरण्याची युक्ती शोधायला ते घर रिकामे का आहे हे पुरते कळावे लागते.

मॅट्रिक्स मिळाले, आता त्याचे करायचे काय? माणसाला ते वाचता येत नाही. लेस्निक आणि राइट यांनी २०१५ साली ‘रिव्हेट’ नावाच्या साधनात याला एक दृश्य उत्तर दिले. दोन आकड्यांच्या पटलावर वर चढत जाणारी एखादी तिरपी रेषा ओढा. त्या रेषेवर आधी-नंतर पुन्हा अर्थपूर्ण होते, म्हणून रेषेपुरता बारकोड मिळतो. रेषा हलवली की पट्ट्या हलतात. प्रत्येक रेषेसाठी नव्याने गणित करायचे नाही, हा त्यातला मोलाचा भाग: रेषांचे रूपांतर एका दुहेरी पटलातल्या बिंदूंत केले की ते पटल मोजक्या प्रदेशांत विभागले जाते, आणि एका प्रदेशातल्या सगळ्या रेषांच्या बारकोडचा साचा एकच असतो. साचे एकदा काढून ठेवले की पुढे फक्त शोधायचे. बोटाने रेषा फिरवावी आणि चुकार बिंदूंच्या पट्ट्यातून बाहेर पडताच वर्तुळाची पट्टी लांब होताना पाहावी, हा अनुभव मी अनेकदा घेतला आहे आणि तो जुना झालेला नाही.

मात्र रेषांनी सगळे सांगून होत नाही. दोन मॉड्यूलांमधले स्वाभाविक अंतर म्हणजे इंटरलीव्हिंग अंतर. ब्येर्केविक, बोटनान आणि केर्बर यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात सिद्ध केले की ते काढणे एनपी-हार्ड, म्हणजे ज्यांना कोणतीही जलद रीत माहीत नाही अशा प्रश्नांइतके कठीण आहे, इतकेच नव्हे तर तिपटीहून कमी चुकीने त्याचा अंदाज घेणेही तितकेच कठीण आहे. याउलट, प्रत्येक रेषेवरच्या बारकोडांची तुलना करून त्यांतला सर्वांत मोठा, रेषेच्या कलानुसार तोललेला फरक घेणारे मॅचिंग अंतर दोन दिशांत बहुपदी वेळेत, म्हणजे विदेच्या आकारमानाच्या एखाद्या ठरावीक घाताच्या मर्यादेत, अचूक काढता येते, हे केर्बर, लेस्निक आणि स्टीव्ह उडो यांनी २०१९ साली दाखवले. रेषा असंख्य असल्या तरी तपासाव्या लागणाऱ्या रेषा मोजक्याच ठरतात. मला हा करार प्रामाणिक वाटतो. थोडी माहिती सोडायची, पण जे सांगायचे ते नेमके सांगायचे.

अविभाज्य तुकड्यांत विभाजन करण्याच्या रीतींबद्दल माझे मत इतके उबदार नाही. त्या रीती बुद्धिमान आहेत, आणि विभाजन अस्तित्वात असते व एकमेव असते हेही खरे. पण बाउअर आणि स्कोकोला यांच्या २०२२ च्या कामातून कळते की सर्वसाधारण मॉड्यूल जवळजवळ अविभाज्यच असते. नीट तुकडे पडलेल्या मॉड्यूलला किंचित हलवले की ते तुकडे एकमेकांत गुंतून जातात. मोजमापात थोडी चूक तर असणारच, मग त्या चुकीने ज्याचे रूप पालटते त्यावर निष्कर्ष कसा उभारायचा? विभाजन हे पुढचे गणित हलके करण्याचे साधन म्हणून मी वापरतो, विदेचे वर्णन म्हणून नाही.

आणि मग तिसरी दिशा. अंतर, घनता, शिवाय काळ किंवा एखाद्या पेशीसमूहातल्या रसायनाचे प्रमाण, अशी विदा आता सर्रास समोर येते. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला मी तिसरी कडा काढून पाहिली. अ आणि ब तेच, मूळ पत्त्यावर. कडा क (१, ०, ०) वर, ख (०, १, ०) वर, ग (०, ०, १) वर. वळसे आता तीन: क आणि ख यांचा (१, १, ०) वर, ख आणि ग यांचा (०, १, १) वर, ग आणि क यांचा (१, ०, १) वर. तिघेही वेगवेगळ्या रिकाम्या पत्त्यांवर जन्मतात आणि तिघांपैकी एकही इतर दोघांतून आपल्या पत्त्यावर तयार करता येत नाही, म्हणून तिघेही ठेवावे लागतात. पण (१, १, १) वर पोहोचल्यावर तिघांची बेरीज शून्य होते, कारण प्रत्येक कडा बरोबर दोनदा येते. स्वतंत्र वळसे दोनच, जनक मात्र तीन. वळशांचा मुक्त आधार इथे नाही. हिल्बर्ट यांच्या सिद्धान्ताने दोन दिशांत दिलेली सवलत तिसऱ्या दिशेत संपते, आणि लेस्निक-राइट यांची देखणी फेरी तशीच्या तशी पुढे नेता येत नाही. तिथे अनेक चलांच्या बहुपदींचे हिशेब करणारी, ग्रोब्नर आधारांची अधिक अवजड यंत्रे लागतात, आणि कुठे काटकसर करता येईल यावर आजही कष्टाने काम चालू आहे.

कागदाच्या मागच्या बाजूला, तीन कमानींच्या खाली, मी हिशेब पूर्ण लिहून ठेवला आहे. दोन जनक, तीन संबंध, संबंधांमधले तीन संबंध, आणि त्या तिघांमधला एक: २ − ३ + ३ − १ = १. प्रोग्रॅममध्ये कोणताही बदल केला की मी आजही आधी हे चित्र त्याला देतो आणि (१, १, १) वर किती तुकडे आहेत ते विचारतो.